पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांचं निवासी शिबिर: बसमध्ये बसण्याआधी काय करावं आणि परतल्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातली एक सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय आणि पाच शाखा मिळून ४६ कर्मचारी. शाखाशाखांचं आपसांत पटत नाही, कर्ज विभाग आणि वसुली विभाग एकमेकांवर ढकलतात. गेल्या वर्षी गणपतीपुळ्याची सहल काढली, तर बसमध्येसुद्धा शाखेप्रमाणे सीटा धरल्या गेल्या आणि परत आल्यावर सगळं जिथल्या तिथं. यंदा संचालक मंडळाने दोन दिवसांच्या निवासी शिबिराला मंजुरी दिली आहे. संस्थेचे सरव्यवस्थापक विचारतात, माणसं खरोखर एकत्र यावीत म्हणून या दोन दिवसांत काय करायचं?

मी गेली एकवीस वर्षं पतसंस्था, दूध संघ, शाळा आणि सामाजिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांची अशी शिबिरं घेते आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटलं, की गेल्या वर्षीची तुमची सहल फसली नव्हती. ती सहल म्हणून चांगलीच झाली असणार. तिच्यावर जे ओझं टाकलं ते तिला पेलणारं नव्हतं, एवढंच. तुमची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून भांडत नाहीत. दहा-दहा वर्षं एकत्र काम करणारी, एकमेकांच्या घरच्या बारशाला आणि दहाव्याला जाणारी ही माणसं आहेत. त्यांचं बिनसतं ते फाईल अडते तिथे, रोकड जुळत नाही तिथे, चूक एकाची असते आणि चिडलेला ठेवीदार दुसऱ्याच्या टेबलावर येऊन ओरडतो तिथे. भांडण कामातून येतं, तेव्हा दोन दिवसांत मधोमध काम ठेवायला हवं. समुद्र, किल्ला, अंताक्षरी हे सगळं त्याच्या कडेने येऊ द्या.

म्हणून मी तारीख आणि ठिकाण ठरवण्याच्या आधी माणसांशी बोलायला बसते. निदान तीन आठवडे आधी, प्रत्येकाशी वीस मिनिटं, एकट्याने. ४६ जणांचे साधारण पंधरा तास होतात, म्हणजे शाखा फिरत तीन दिवसांचं काम. हे तुम्ही स्वतः करू नका. तुमच्यासमोर कुणी मोकळं बोलणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची वेतनवाढ तुमच्या सहीने होते. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या संस्थेतून निवृत्त झालेले विश्वासू अधिकारी, महाविद्यालयातल्या प्राध्यापक बाई, असं कुणीतरी बाहेरचं शोधा. मी तीनच प्रश्न विचारते. गेल्या महिन्यात तुमचं कोणतं काम दुसऱ्यामुळे अडलं? न मागता तुम्हाला कुणी मदत केली? आणि या दोन दिवसांत कोणत्या एका गोष्टीचा निकाल लागला तर आल्याचं सार्थक वाटेल? दुसरा प्रश्न मी कधीच गाळत नाही. त्याची उत्तरं नावानिशी लिहून घेते, ज्यांची नावं आली त्यांना सांगण्याची परवानगी घेते, आणि शिबिराच्या पहिल्या तासात ती वाचून दाखवते. तासगाव शाखेच्या शिपायाने पूर आला तेव्हा मिरज शाखेतल्या मॅडमच्या घरचं सामान हलवलं होतं, अशा गोष्टी संस्थेतल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतात. (गावांची नावं मी बदलली आहेत, गोष्ट खरी आहे.)

या बोलण्यातून जे बाहेर येतं त्याच्या तीन वाटण्या कराव्या लागतात, आणि इथे फार काळजी घ्या. काही तक्रारी गैरवर्तनाच्या असतात: एखादा अधिकारी बायकांशी नीट बोलत नाही, अंगचटीला येतो. ही गोष्ट शिबिरात आणायची नाही, गोड शब्दांतसुद्धा नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असणं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. संबंधित बाईंना विश्वासात घेऊन ती वाट दाखवायची. दुसऱ्या तक्रारी पगार, ग्रेड आणि बढतीच्या. त्या खऱ्या असतात, पण दोन दिवसांत सुटत नाहीत. त्यांच्याबद्दल शिबिराच्या सुरुवातीलाच तुम्ही उभं राहून सांगा, की हा विषय इथे होणार नाही, तो मंडळापुढे अमुक महिन्यात येणार आहे. लपवलंत तर लोक दोन दिवस त्याचीच वाट बघत बसतील. उरतात त्या रोजच्या कामातल्या अडचणी. शिबिर त्यांच्यासाठी आहे, आणि त्या इतक्या निघतात, की दोन दिवस कमी पडतात.

आता मंडळाबद्दल. अध्यक्ष आणि संचालक पूर्णवेळ खोलीत असतील तर लोक त्यांच्याकडे बघून बोलतात. हे मी फार महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेत मी ‘मनातलं बोला’ असं सत्र घेतलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते आणि त्यांनीच लोकांना ‘घाबरू नका, बिनधास्त बोला’ असं सांगितलं. एका तरुण लिपिकाने उभं राहून सांगितलं, की संचालकांच्या शिफारशीने आलेल्या कर्जप्रकरणांत जामीनदारांची पाहणी होतच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीड महिन्याने त्या मुलाची बदली सर्वांत लांबच्या शाखेत झाली. त्याने मला फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, त्याला फक्त विचारायचं होतं, की मॅडम, तुम्ही बोला म्हणालात ना? मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही. त्यानंतर मी दोन नियम धरले. जे अभय मला देता येत नाही ते मी कुणाला देत नाही. म्हणजे माझ्या सत्रात कुणालाही उभं राहून वरिष्ठाविरुद्ध बोलायला लावत नाही. आणि अध्यक्ष-संचालक पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला येतात, सगळ्यांच्या पंगतीत बसतात, मुक्काम करत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला ऐकायला येतात. भाषण नाही, हारतुरे नाहीत. हे त्यांना आधी समजावून सांगणं तुमचं काम. अवघड आहे, पण मान देऊन सांगितलं तर बहुतेक अध्यक्ष ऐकतात.

मंडळाकडून आणखी एक गोष्ट आधी घ्या: ठराव. एका ठरावीक रकमेपर्यंतचे आणि कामाच्या पद्धतीबद्दलचे निर्णय सरव्यवस्थापक शिबिरातच घेऊ शकतील, असा ठराव. वसुलीवाल्यांचा पेट्रोल भत्ता, एखाद्या शाखेला स्कॅनर, बाजाराच्या दिवशी जास्तीचा माणूस, जेवणाच्या सुट्टीची पाळी. हे विषय छोटे दिसतात. पण ‘तुमची सूचना मंडळापुढे ठेवतो’ हे वाक्य कर्मचाऱ्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते ऐकलं की चेहरे मिटतात. उलट दुपारी मांडलेली अडचण संध्याकाळी चार वाजता सुटलेली बघितली, की पुढच्या सत्रात बोलणाऱ्यांची संख्या दुप्पट होते. मला माहीत असलेल्या कुठल्याही खेळाने असं होत नाही.

तारीख. मार्चएंडच्या आधीचे दोन-तीन महिने विसरा. वसुलीचा माणूस तेव्हा कुठेही नेला तरी त्याचं डोकं थकबाकीच्या यादीतच असतं. एप्रिल-मे ताळेबंद आणि लेखापरीक्षणात जातो. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरही नाही. राहतात ते जूनचा शेवट-जुलै आणि सभा झाल्यावर दिवाळीपर्यंतचा काळ, किंवा मग डिसेंबरचा पहिला पंधरवडा. मी सभेनंतरचे दिवस निवडते. वर्षातलं मोठं ओझं उतरलेलं असतं आणि पुढच्या मार्चची तयारी करायला वेळही असतो. शनिवार-रविवार घेणार असाल तर लोकांची साप्ताहिक सुट्टी जाते, तिची बदली सुट्टी आधीच जाहीर करा. घरात आठवडाभराचं दळण, धुणं, मुलांचा अभ्यास रविवारवर टाकलेल्या बाईला ‘तुमच्यासाठीच तर करतोय’ म्हणून सांगू नये. चौथा शनिवार बघा. त्या दिवशी बँका बंद असतात, त्यामुळे ग्राहकांची कुरकुर कमी होते. पंधरा दिवस आधी प्रत्येक शाखेत फलक लावा.

सगळ्या शाखा एकदम बंद ठेवणं शक्यच नसेल तर दोन तुकड्या करा, पण शाखेप्रमाणे नको. प्रत्येक शाखेतले निम्मे पहिल्या तुकडीत, निम्मे दुसऱ्या तुकडीत. नाहीतर तुम्ही ज्या भिंती पाडायला निघालात त्याच बसमध्ये घालून नेल्यासारखं होईल.

ठिकाणाबद्दल माझा आग्रह एकच: बसचा प्रवास अडीच-तीन तासांच्या वर नको. गोवा नको, कोकणही या कामासाठी नको. घाट उतरून पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, दुसऱ्या दिवशी दुपारपासून परतीचे वेध लागतात, आणि समुद्र समोर असताना कुणाला खोलीत बसवत नाही, बसवूही नये. तुम्हाला पन्हाळा चांगला. सांगलीहून दोन-सव्वादोन तास, हवा छान, मुक्कामाच्या सोयी बऱ्यापैकी. पाचगणीला एशिया प्लॅटो नावाचं केंद्र मुळात अशाच निवासी कामासाठी उभं राहिलं आहे. तिथला सकाळी काही वेळ गप्प बसून मनात येईल ते वहीत लिहायचा रिवाज मी माझ्या शिबिरांत उचलला आहे. पण पाचगणीला शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी फार, आणि तुम्हाला ती थोडी लांबही पडेल. जागा बघायला स्वतः जा. सगळे गोलात बसू शकतील अशी एक मोठी खोली, चारही भिंतींना कागद लावता येतील अशी. बायकांसाठी स्वच्छ आणि पुरेशी स्वच्छतागृहं. हे फोनवर विचारून कळत नाही, दार उघडून बघावं लागतं. लग्नाचा हॉल शेजारी नको.

कोण येणार, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिपाई येतो, तेव्हा तो चहा द्यायला येत नाही. हे पहिल्या दिवशी सकाळी मोठ्याने सांगावं लागतं, नाहीतर सवयीने तो किटली घेऊन उठतो आणि सवयीने बाकीचे कप पुढे करतात. चहा-पाण्यासाठी ठिकाणचे लोक ठेवा. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणारे प्रतिनिधी पगारपत्रकावर नाहीत म्हणून बहुतेक संस्था त्यांना नेत नाहीत. माझ्या मते ही मोठी चूक आहे. रोज दुकानोदुकानी जाणारा तो माणूस म्हणजे गावासाठी तुमची संस्था. कोणता कर्जदार दुकान विकायच्या विचारात आहे, कुठल्या शाखेबद्दल लोक काय बोलतात, हे त्याला महिनाभर आधी कळतं. दोन दिवसांचं त्याचं कमिशन बुडणार, ते संस्थेने भरून द्यावं आणि त्याला न्यावं. सगळे नाहीत तर प्रत्येक शाखेचा एक तरी.

रात्रीचा मुक्काम हा काही बायकांसाठी घरी वाद होण्याचा विषय असतो. लहान मूल असेल तर मुलाला आणि सांभाळायला येणाऱ्या सासूला किंवा आईला घेऊन या, खर्च संस्थेचा, असं आधीच कळवा. ज्यांना मुक्काम जमणारच नाही त्यांच्यासाठी पन्हाळ्याहून संध्याकाळी गाडी सोडता येते. त्याबद्दल कुणी टोमणा मारणार नाही, एवढं बघा. खोल्या वाटताना एका शाखेचे दोघे एका खोलीत नकोत, पण घोरणारा, मधुमेही, पहाटे उठून पूजा करणारा, हे मात्र विचारून घ्या. जेवणात उपवासाचं आणि शाकाहारी वेगळं असू द्या. आणि दारू नको. ती आली की संध्याकाळी पुरुषांचा एक कोपरा तयार होतो, बायका खोल्यांत जातात, आणि दिवसभर जमवलेलं रात्री आठला फुटतं. परिपत्रकात स्पष्ट लिहा.

आता प्रत्यक्ष दोन दिवस. मी फार खेळ घेत नाही. डोळे बांधून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, हा खेळ अनेक जण घेतात. पाठ झेलणारा माणूस सोमवारी कागद दाबून ठेवणार नाही असं त्यातून काही ठरत नाही, आणि साडी नेसलेल्या पन्नाशीच्या बाईंना तो नकोसा होतो. ओळखीसाठी एक साधी गोष्ट करते: जमिनीवर खडूने जिल्ह्याचा नकाशा काढायचा आणि प्रत्येकाने आपल्या जन्मगावाच्या जागी उभं राहायचं. शाखेतली रांग मोडते आणि कोण कुणाच्या शिवेला आहे ते कळतं. वीस मिनिटं पुरतात.

पहिल्या दिवसाचा गाभा म्हणजे एका कर्जप्रकरणाचा प्रवास. यावर मी अडीच तास घालवते आणि तुम्हीही घालवा. गेल्या वर्षभरातलं एक साधं प्रकरण घ्या, नाव-गाव बदलून. थकलेलं घ्या, पण बदनाम झालेलं नको. भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधा. पहिल्या टोकाला कर्ज मागणी अर्ज, मग कागदपत्रं, सात-बारा, जामीनदार, सिबिल (आधीच्या कर्जफेडीचा अहवाल), शाखाधिकाऱ्याचा शेरा, कर्ज उपसमिती, मंजुरी, गहाणखत, बोजा नोंद, वाटप, हप्ते, पहिली थकबाकी, फोन, नोटीस, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, जप्ती. प्रत्येकाने जिथे त्या फाईलला आपला हात लागतो तिथे जाऊन उभं राहायचं. मग फाईल खरोखर हातोहात द्यायची. ज्याच्या हातात फाईल येईल त्याने दोन चिठ्ठ्या लावायच्या: माझ्याकडे ती कशी येते, आणि मला ती कशी यायला हवी. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. अर्थ विचारायला चालेल, खुलासा करायला नाही. हा नियम मी अगदी कडक पाळते, कारण खुलासा सुरू झाला की ऐकणं थांबतं.

एका संस्थेत फाईल वसुली अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी सांगितलं, की निम्म्या प्रकरणांत जामीनदाराचा पत्ता चुकीचा निघतो, मी उन्हातान्हात गावभर फिरतो आणि लोक हसतात. आवाज चढला होता. वर्षानुवर्षं ते हेच ‘शाखेचा हलगर्जीपणा’ म्हणून बोलत आले होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पत्ता तपासण्याच्या जागी एक कनिष्ठ लिपिक उभी होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: अर्ज बाजाराच्या दिवशी येतात, त्या दिवशी काउंटरवर मी एकटी असते, जामीनदाराला फोनवर विचारून पत्ता लिहिते. दोघेही एकमेकांना नऊ वर्षं ओळखत होते. त्या माणसाला बाजाराच्या दिवशीची ती रांग कधी दिसली नव्हती, आणि तिला ते उन्हातलं फिरणं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. सरव्यवस्थापकांनी तिथेच ठरवलं, की बाजाराच्या दिवशी मुख्य कार्यालयातून एक माणूस त्या शाखेत जाईल आणि जामीनदाराच्या घराचा फोटो फाईलला लागल्याशिवाय प्रकरण उपसमितीकडे येणार नाही. दुपारच्या जेवणाला ती दोघं एका टेबलावर होती. मी हे मुद्दाम केलं नव्हतं.

दुपारनंतर सूचना गोळा करताना लगेच चर्चा सुरू करू नका. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून, एकट्याने, एका चिठ्ठीवर एकच सूचना लिहायची. येल विद्यापीठात १९५८ साली टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी दाखवलं होतं, की चार माणसं एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात त्याहून जास्त कल्पना, चार माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर, मिळतात. आपल्याकडे तर याला आणखी एक कारण आहे: गटात साहेब आधी बोलले, की बाकीचे ‘साहेब म्हणतात ते बरोबर’ म्हणून मोकळे होतात. चिठ्ठीला हुद्दा नसतो. ज्यांना लिहायला अवघड जातं त्यांची चिठ्ठी मी किंवा माझी सहकारी शेजारी बसून लिहिते, आणि हे आधीच ठरलेलं असतं, म्हणजे ऐनवेळी कुणाला सांगावं लागत नाही.

एक सत्र चुकांवर ठेवा. मी इथे एक गोष्ट सांगते. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगलं जमणाऱ्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. नोंदी बघितल्या तर उलट, चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं, की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. पतसंस्थेत ही गोष्ट लगेच पोहोचते, कारण रोकड तुटीची गोष्ट प्रत्येक कॅशियरच्या पोटात असते. पाचशे रुपये कमी आले, तर खिशातून भरायचे आणि गप्प बसायचं. मग तीच चूक, नोटांच्या गड्डीची तीच गफलत, दुसऱ्या शाखेत दुसरी मुलगी करते आणि तीही खिशातून भरते. या सत्राची सुरुवात तुम्ही स्वतः, सरव्यवस्थापकांनी, आपल्या एका खऱ्या चुकीने करायची. लहानशी, शोभेची चूक नको. जिने संस्थेला त्रास झाला अशी सांगा. तुमच्यानंतर शाखाधिकारी बोलतील. कनिष्ठांना बोलायचं बंधन घालू नका. ते ऐकत असतात, आणि सहा महिन्यांनी बोलतात.

संध्याकाळी शाखा मोडून सात-आठ जणांचे गट करा आणि स्वयंपाक त्यांच्याकडून करून घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. पुरुषांनी भाकऱ्या थापायच्या आणि बायकांनी फक्त तोंडी मार्गदर्शन करायचं, असा नियम असेल तर जेवायला उशीर होतो, पण तासभर सगळं अंगण हसत असतं. मग जेवताना अध्यक्ष येतात आणि त्यांनाही तीच जाडी-भरडी भाकरी मिळते. त्यानंतर गाणी. प्रत्येक संस्थेत एक जण भजनी मंडळात पेटी वाजवणारा असतो, कुणी शाहिरी म्हणणारा असतो, आणि कार्यालयात ते कुणाला माहीत नसतं. बाहेरून ऑर्केस्ट्रा किंवा निवेदक आणू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे तासभर अंगमेहनतीचं काम. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं असोत की बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, कुदळ-फावडं हातात आलं की हुद्दा गळून पडतो हे या मंडळींनी फार आधी ओळखलं होतं. पन्हाळ्यावर मात्र सांभाळून. किल्ला संरक्षित आहे, २०२५ साली तो जागतिक वारसा यादीतही गेला. तिथे खोदायचं, दगड हलवायचे नाहीत. आधी परवानगी घेऊन वाटांवरचं प्लॅस्टिक गोळा करा, किंवा जवळच्या गावातल्या शाळेचं पटांगण साफ करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना त्यातही काम असतंच. त्यानंतर न्याहारी, आणि पंधरा मिनिटं शांतता: फोन बाजूला, वही उघडी.

सकाळच्या मुख्य सत्राला मी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक युक्ती वापरते. सगळ्यांना सांगायचं, की आज पुढच्या वर्षीचा १ एप्रिल आहे आणि आपली वसुली सपशेल पडली आहे. का पडली, ते लिहा. ‘काय चुकू शकेल?’ असं विचारलं तर लोक सावधपणे बोलतात. ‘चुकलंच आहे’ म्हटलं की कारणं भराभरा येतात. ऊसबिलं उशिरा आली, सोनेतारणाकडे लक्ष राहिलं नाही, नोटिसा फेब्रुवारीत काढल्या, दोन माणसं एकाच वेळी रजेवर. त्यातली जी कारणं आपल्या हातातली आहेत तेवढीच बाजूला काढा. प्रत्येक गटाने एक उचलायचं आणि त्यावर उपाय मांडायचा. शेवटच्या तासाला अध्यक्षांसमोर हेच ठेवायचं, आणि ते मांडणारा प्रत्येक गटातला सर्वांत कनिष्ठ माणूस असावा. व्यक्तीविरुद्ध काहीच नसतं, कामाबद्दलच असतं, त्यामुळे तो निर्धास्त बोलतो.

निर्णय तीनच ठेवा. उत्साहाच्या भरात वीस होतात आणि मग त्यांतला एकही होत नाही. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. विभागाचं नाव चालत नाही. मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून त्याच्या सहा प्रती काढा, एकेक प्रत प्रत्येक शाखेत आणि मुख्य कार्यालयात, ग्राहकाला दिसणार नाही पण चहाच्या वेळी सगळ्यांना दिसेल अशी.

परत आल्यावर दोन गोष्टी कराच. पुढच्या दोन महिन्यांत प्रत्येकाने एक दिवस दुसऱ्याच्या टेबलावर काढायचा. कॅशियरने वसुली अधिकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून थकबाकीदारांकडे जायचं, वसुली अधिकाऱ्याने बाजाराच्या दिवशी काउंटरला थांबायचं, मुख्य कार्यालयातल्या संगणकवाल्याने पिग्मी प्रतिनिधीबरोबर संध्याकाळी पेठेत फिरायचं. याचं वेळापत्रक शिबिरातच बनवा. घरी येऊन बनवू म्हटलं तर ते राहून जातं. आणि पंचेचाळिसाव्या दिवशी, शिबिर संपतानाच तारीख लावून, अर्धा तास सगळ्यांना बोलवा. ते तीन निर्णय वाचा. झालं असेल तर झालं म्हणा. झालं नसेल तर का नाही ते तुम्ही स्वतः सांगा, आणि नवी तारीख द्या.

तुमचं पत्र ऑगस्टच्या अखेरचं आहे, म्हणजे सभेची गडबड सुरू असणार. तरी एवढं या आठवड्यात करता येईल: मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो निर्णयाधिकाराचा ठराव टाका, आणि पिग्मी प्रतिनिधींची यादी मागवून त्यांचं दोन दिवसांचं कमिशन किती होतं ते काढायला सांगा. ती रक्कम मंजूर झाली, की मग पन्हाळ्याला जागा बघायला जा.